उलट्या जीपनं नणंदेच्या गावी, आणि काळ्या मातीत टायर कोणतं घालावं

मागच्या लेखाखाली एकानं विचारलंय, "ताई, जुनी जीप घेतली आहे, पावसाळ्यात खारपाणपट्ट्यात जायचंय, चिखलाचं टायर कोणत्या नक्षीचं घेऊ?" ताई नको रे बाबा, आजी म्हण. आणि मला टायरमधलं जे कळतं ते एकाच प्रवासात कळलेलं आहे, एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावरच्या एका भादव्यात. पण कळलं ते पक्कं कळलं, म्हणून सांगते.

लग्न होऊन मला वर्ष व्हायचं होतं. अमरावतीला राहायचो. घरात मी, सासूबाई आणि हे. हे कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते. लष्करानं मोडीत काढलेली एक जीप ह्यांनी लिलावात घेतली होती आणि सुटीचा दिवस तिच्याखाली पडून काढायचे. सासूबाई म्हणायच्या, "बायको आनली घरात, अन हा त्या डब्यासंग संसार करून राहिला." मला ते मनातून पटायचं, पण बोलणार कुणाला? आमच्याकडे सासूसमोर सुनेनं नवऱ्याशी सरळ बोलायची रीत नव्हती. हे समोर पाटावर जेवायला बसलेले असले तरी मी सासूबाईंना म्हणायची, "भाकर पाहिजे का, विचारा ना त्यायले." मग त्या विचारायच्या, हे त्यांना सांगायचे आणि मी वाढायची. आता हसू येतं, तेव्हा हसायचीही चोरी.

माझी नणंद शांताबाई खोलापूरच्या पुढे, आत एका खेड्यात दिलेली. आदल्या खेपेला पावसाळ्यात तिला बाळंतपणासाठी बैलबंडीतून आणायला निघाले, बंडी काळ्या चिखलात आसापर्यंत रुतली आणि बाळ वाटेतच गेलं. ह्या खेपेला पुन्हा भादवाच आला. गावात येणाऱ्या नर्सबाईंनी निरोप धाडला की पाय सुजलेत, डोकं दुखतं, अमरावतीच्या दवाखान्यात लवकर न्या. निरोप ऐकून सासूबाई चुलीपुढून उठल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "माही पोरगी पुन्हा बंडीत नाई बसन. तुह्या जीपचं काय होते थे पाह्य."

जीपची टायरं पार गुळगुळीत झालेली. चांगली टायरं अकोल्याला मिळतात असं कळलं. माझं माहेर अकोल्याचं, तेव्हा "आईची भेट होईन" म्हणत सासूबाईंनी मलाही सोबत धाडलं. लग्नानंतर आम्ही दोघंच पहिल्यांदा कुठं निघालो होतो, बडनेऱ्याहून आगगाडीनं. मी केसात शेवंती माळली होती. आणि हे बुवा बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत टायरवर बोलले. मूर्तिजापूरला चहा घेतला आणि पुन्हा टायर. मी ऐकत राहिले. घरात ज्या माणसाचा आवाज मला दोन शब्दांच्या वर मिळत नव्हता तो इतकं बोलतो हे पाहूनच मी खूश होते.

दुकानात तीन तऱ्हा होत्या. एक सरळ उभ्या रेघांचं, ते सडकेवर झकास, चिखलात निकामी. दुसरं लष्करी जीपचं, आडव्या जाड पट्ट्यांचं, पुढं-मागं दोन्हीकडे सारखं चालणारं. पण त्याच्या पट्ट्या जवळजवळ. तिसरं ट्रॅक्टरच्या चाकासारखं, खोल नक्षीचं, मधे टोक असलेल्या तिरक्या पट्ट्या आणि दोन पट्ट्यांत चांगली चार बोटं जातील एवढी फट. हे तिथंच उकिडवे बसले आणि फटीत बोटं घालून मला म्हणाले, "आपली माती चिकट. फट बारीक असली तं भरून जाते, मंग टायर अन लाडू एकच. मोठी फट असली का चाक फिरता फिरता माती झटकून टाकते." मला विचारलं, "जमन ना?" मला कोणी काही विचारलं की तेव्हा घाम फुटायचा. मी मान हलवली. ऐपत दोनचीच होती, म्हणून तिसऱ्या तऱ्हेची दोन घेतली, मागच्या चाकांसाठी. तुम्हालाही हेच सांगते: काळ्या मातीत जाणार असाल तर मोठ्या फटीचं घ्या. डांबरी सडकेवर ते घूं घूं आवाज करतं आणि लवकर झिजतं, ते सोसायचं.

दुसऱ्या दिवशी घाईघाईनं टायरं चढवली आणि सकाळीच अमरावती सोडली. सासूबाई पुढं ह्यांच्या शेजारी, मी मागं गोधड्या आणि दशम्यांच्या गाठोड्यासोबत. वलगावला चहा-भजी घेतली. गरम मिळाली तर तुम्हीही घ्या. खोलापूरपर्यंत रस्ता खडीचा, हाडं खिळखिळी करणारा, पण रस्ता होता. मूग काढणीला आला होता, कपाशी गुडघ्याला लागत होती. ऊन पडलं होतं म्हणून आम्ही निर्धास्त. पुढं गाडरस्ता लागला आणि जीप एकदम मऊ मऊ चालायला लागली. मग चालेनाच. मागची चाकं जागच्या जागी फिरत होती. हे उतरून पाहतात तर त्या मोठ्या फटी काठोकाठ भरलेल्या.

हे खोऱ्यानं माती काढायचे, जीप हातभर सरकायची, पुन्हा लाडू. शेजारच्या शेतात एक म्हातारेबुवा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून मजा पाहत होते. ते म्हणाले, "इथं बैल नाई चालत, मोटर काय चालते?" वैतागून ह्यांनी जीप मागं घेतली, परत फिरायला. आणि ती मागं सरसर निघाली, मातीचे गोळे उडवत.

हे पुन्हा उतरले. चाकाकडे बघत राहिले आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, "माय, म्या टायर उलटे बसवले." ह्या टायरच्या नक्षीला दिशा असते. पट्ट्यांचं टोक आधी जमिनीला टेकलं तर माती मधून दोन्ही बाजूंना फेकली जाते. उलटं बसवलं तर मधे गोळा होते. दोन चाकं डावी-उजवी बदलली की झालं, पण जॅक ठेवला की तो चिखलातच खाली जायचा.

मग हे म्हणाले, "उलटीच नेतो." जीप फिरवली, पाठ गावाकडे केली. कापडी टपावर चिखलाचा थर, मागची खिडकी बुजलेली, ह्यांना मागचं काही दिसेना. दिसत होतं फक्त मला. मी टपाबाहेर, मागच्या बंपरवर फळीला धरून उभी राहिले. ज्या दिशेला जायचं त्या दिशेला सगळ्यात पुढं आता मीच होते.

पहिलं वळण आलं. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, त्यायले सांगा, डावीकडे घ्या म्हना." सासूबाईंनी ह्यांना सांगितलं, "डावीकडे घे म्हन्ते." तोवर वळण निघून गेलं होतं. पुढच्या वळणालाही तसंच. मग बाजूला नाला आला, काठ ढासळलेला. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, त्यांनी सांगितलं, आणि एक चाक काठावरून खाली घसरलं. जीप तिरकी झाली. मी फळीला लोंबकळले. सासूबाईंचा पदर सुटला, चेहरा पांढराफटक. त्या बाजूनं डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "मले काहून सांगतेस वं बाई? माह्या लेकीचा जीव तिकडं जाऊन राहिला. त्यालेच सांग. मोठ्यानं सांग."

मी फळी घट्ट धरली. मग म्हटलं, "अवो, उजवीकडे. अजून. बस, आता सरळ." आणि ह्यांनी, कधी माझं ऐकायची वेळच न आलेल्या माणसानं, एकदाही "काय" न विचारता स्टेअरिंग फिरवलं. चाक वर आलं. त्यानंतर गाव येईपर्यंत माझा आवाज थांबला नाही. दगड आहे, डबकं आहे, हळू घ्या, अवो हळू म्हटलं ना. इतक्या वर्षांनी सांगते, त्या चिखलात मला जे सुख झालं ते नंतर काश्मीरलाही नाही झालं.

गावानं जीप पाठमोरी येताना पाहिली. पोरं हसली, म्हाताऱ्या हसल्या. शांताबाई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, पाय हे एवढे सुजलेले. तिनं आईला पाहिलं आणि लहान लेकरासारखी रडायला लागली. तिच्या घरी चहा मिळाला, तिथल्या विहिरीच्या पाण्याचा, खारट. खारपाणपट्ट्यात जाल तर प्यायचं पाणी बरोबर न्या. चावडीपुढं दगडी फरशी होती. तिच्यावर ह्यांनी चाकं बदलली, थोडी हवा कमी केली. परतताना जीप त्याच रस्त्यावर पुढं तोंड करून निघाली आणि टायरांनी माती झटकली, अगदी दुकानात सांगितलं तशी. मागं गोधड्यांवर शांताबाई माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. प्रत्येक खड्ड्याला माझा हात घट्ट धरायची. मी पुढं ओरडायची, "हळू." सासूबाईंनी एकदाही वळून पाहिलं नाही.

दिवे लागायच्या आत दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणलं ते बरं केलं, आणखी थांबला असता तर दोघांपैकी एकही हाती लागलं नसतं. पुढचे दिवस फार वाईट गेले. आम्ही घरी यायचो, डबा करायचो, परत जायचो. सासूबाईंनी जेवण सोडल्यात जमा होतं.

मग मुलगी झाली. बारीक, पण रडणारी. आमच्याकडे नातवंड आधी मायच्या मायनं घ्यायचं. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं ते बोचकं सासूबाईंपुढं धरलं. त्यांनी हात पुढं केले नाहीत. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिले द्या. तिनं वाट सांगतली."

मी घेतली. केवढीशी होती. हे दाराबाहेर व्हरांड्यात उभे होते, भिंतीकडे तोंड करून. सासूबाई शेजारीच होत्या, नर्स होती, आणखी चार बायका होत्या. मी मोठ्यानं म्हटलं, "अवो, आत या. पाहा तं खरं."