भोंगा वाजला की पळा

मंगरूळपीरच्या स्टँडवर मी पत्रकं वाटत होतो. जऊळक्याच्या बसचा कंडक्टर उतरला आणि हळूच म्हणाला, "तुया किसनभाऊ गेला रे. पटकीनं. दोन दिवसांत." त्याला आता महिना झाला...

किसनभाऊ माझा चुलतभाऊ. आरोग्य खात्याचा पत्र्याचा भोंगा घेऊन गावोगाव ओरडत फिरायची त्याची नोकरी. बौद्ध झाल्यावर आमच्या आज्यानं दवंडीचं डफडं जाळलं होतं, आणि यानं तोंडाला भोंगा लावला, म्हणून मी त्याला टोचायचो. तो हसायचा. "डफडं हुकमाचं होतं. भोंगा पगाराचा हाये, बाप्पा." देवीची लस तो आधी भर चावडीत स्वतःच्या दंडावर घ्यायचा, मग लोकांना बोलवायचा. लोक यायचे.

मग आणीबाणी आली. साहेबानं दम दिला, नसबंदीला माणसं आण, नाहीतर घरी बस. घरात चार लेकरं. भाऊनं भोंगा उचलला. त्याच्या शब्दावर जमलेल्या माणसांना जीपमध्ये कोंबून नेलं, त्यांत लग्न न झालेली पोरंही होती. मी संतापून पत्रक काढलं, 'भोंगा वाजला की पळा', आणि केनवडपर्यंत वाटलं. भाऊनं ते वाचून घडी घातली. "बरोबर लिवलं तू. माया आवाज आता माया राह्यला नाही."

यंदा पावसाळ्यात जऊळक्याजवळच्या एका गावात पटकी लागली. विहिरीत औषध टाकलंय, तेच पाणी प्या, हे सांगायला भाऊनं भोंगा वाजवला, आणि गाव शेतात पळालं. औषध नसबंदीचंच आहे म्हणत लोक नाल्याचं पाणी पिऊ लागले. भोंगा ठेवून भाऊ दारोदार फिरला. दवंडीला आलेल्या आमच्या आज्याला ज्या घरानं वरूनच ओंजळीत पाणी ओतलं, त्या घरच्या म्हातारीनं तांब्या पुढं केला. "आमच्या घरचं पानी पेशील, तर तुयं ऐकू."

पाणी नाल्याचं होतं. ते त्याला माहीत होतं, असं वहिनी सांगते. नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं? तो प्याला. संध्याकाळी म्हातारी विहिरीवर गेली, तिच्यामागं गाव गेलं.

साहेब अजून त्याच खुर्चीत आहे. त्याच्यावर अर्धं पत्रक लिहून झालंय, पुढं सरकत नाही. 'पळा' हा शब्द साहेबाचा नव्हता...

परवा वहिनी खुंटीवरचा भोंगा पुसत होती. पत्रा खणकला, तसा समोरचा माणूस ओसरीवरून उठून शेताच्या वाटेला लागला. मी हाक मारली, थांब म्हणून. तो आणखीच झपाझप चालू लागला.