झाकणाची आतली बाजू

सरकार परदेशात दारूगोळा विकतं, तेव्हा पेपरात गोळ्याचा फोटो येतो, तोफेचा येतो, मंत्र्याचा येतो. अमेरिका, फ्रान्स, आर्मेनिया ही आपली मोठी गिऱ्हाइकं, असं सगळं छापून येतं. तो गोळा ज्या पेटीत बसून समुद्र ओलांडतो, त्या पेटीबद्दल कुठे ओळ येत नाही. पेटी मी बनवतो. नागपूरजवळ कळमेश्वरच्या एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. उखळी तोफेच्या गोळ्यांसाठी चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, लाकडाच्या पेट्या सरकारी कारखान्याला मी कित्येक वर्षं पुरवतो आहे.

माझा बाप कामठीला दुसऱ्याच्या पॉवरलूमवर कापड विणायचा. मी तिथल्या लष्करी छावणीच्या लिलावात मोडकी खोकी घेऊन धंद्याला लागलो. भाव कसा करायचा ते तिथेच शिकलो. ज्या ढिगावर डोळा आहे त्याच्याकडे पाहायचं नाही, आणि समोरचा बोलत असेल तर त्याला बोलू द्यायचं. राग मात्र मला कधी आवरता आला नाही. त्यापायी चांगले सौदे हातचे गेले आहेत, आणि काही केवळ त्याच्याच जोरावर झाले आहेत.

कारखान्याबद्दलचा माझा राग जुना आहे. परदेशी मालाचे पहिले ट्रक निघाले, तेव्हा हिरवा झेंडा दाखवण्याचा मोठा कार्यक्रम झाला. मांडववाल्याला आत जायचा पास होता, नाश्तावाल्याला होता. माझ्या पेट्यांना झेंडूचे हार घातले होते आणि मी फाटकाबाहेर उभा होतो. खरेदी अधिकाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "अहो, खोकेवाल्याचं काय काम आत?" तो शब्द मी अजून विसरलो नाही. त्यानंतरही माझी जागा फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीतल्या बाकावरच राहिली. नमुना आत जायचा, मी बाहेर बसायचो.

ही गोष्ट एका दसऱ्याची आहे. एका छोट्या डोंगराळ देशाची मोठी ऑर्डर होती. देशाचं नाव लिहीत नाही, तशी सही करून दिली आहे. त्या देशाची तपासणी अधिकारी स्वतः नागपूरला येऊन माल पास करणार होती. पेट्या पास झाल्या तर पुढच्या ऑर्डरीही माझ्याकडे येणार होत्या. नापास झाल्या तर पुरवठादारांच्या यादीतून माझं नाव जाणार होतं, आणि एकदा गेलेलं नाव परत येत नाही. सगळं वर्कशॉप त्या एका तपासणीवर उभं होतं.

दसऱ्याला आमच्या घरी पाय ठेवायला जागा नसते. भिवापूरकडचे आमचे सगळे नातेवाईक दीक्षाभूमीसाठी येतात आणि मुक्काम आमच्याकडे करतात. त्या दिवसांत मी वर्कशॉपचं तोंड पाहत नाही. माझे सुतार मात्र खंडेनवमी सोडत नाहीत. करवतीला, रंध्याला, मशीनला शेंदूर लावतात, हार घालतात, नारळ फोडतात. मी पूजेत नसतो आणि त्यांना अडवतही नाही. दोन्ही गोष्टी आमच्याकडे वर्षानुवर्षं शेजारी शेजारी चालत आल्या आहेत.

त्या वर्षी दीक्षाभूमीवरून परतताना बायको म्हणाली, "पंचशील म्हणून आले ना जी? आता उद्या तोफेच्या पेट्या पाठवा."

"मी लाकूड विकतो," मी म्हणालो.

"हो. आन् आत काय मोतीचूर भरतेत?"

ती भांडत नव्हती. ती असंच एक वाक्य ठेवून पुढे चालू लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीने, म्हणजे माझ्या जुन्या मुख्य सुताराने, ट्रक भरून कारखान्यात रवाना केले. मी पाहुण्यांना स्टेशनवर सोडत होतो. दुपारी खरेदी अधिकाऱ्याचा फोन आला. "तुमच्या प्रत्येक पेटीवर लाल डाग आहे. मॅडमनी तपासणी थांबवलीय. ताबडतोब या."

मी आधी मिस्त्रीला फोन लावला.

"लाल काय आहे गा पेट्यांवर?"

"टिळा हाय भाऊ. शेंदराचा."

"पेट्यांवर? काहून?"

"माल परमुलखात चालला ना जी! समुद्रावरून. आमी म्हटलं, करवतीले लावतो, तर पेटीनं काय घोडं मारलं? हरेक झाकणाले लावला. एक नाही सोडली."

एकही सोडली नव्हती, हे तो अभिमानाने सांगत होता. तेलात कालवलेला शेंदूर, तोही कोऱ्या चिडाच्या लाकडावर. ते लाकूड तेल असं पितं की धुऊन निघायचा प्रश्नच नाही. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे म्हणाला, "बोलून घ्या भाऊ. पण वाईटासाठी नाही केलं."

त्या दिवशी पहिल्यांदा मला फाटकातून थेट आत नेलं. गोदामात माझ्या पेट्यांच्या थप्प्या होत्या आणि त्यातल्या एका पेटीवर ती बसली होती. पन्नाशीच्या आसपासची बाई, केस बारीक कापलेले, पायात धुळीने भरलेले बूट. हातात फाइल नव्हती, एक छोटी पहार होती. ती पेटीवर बसली का आहे हे मला लगेच कळलं. लाकूड करकरतं का, ते ती ऐकत होती. मीही माल घेताना तसंच करतो. खरं सांगायचं तर तिथेच मला तिच्याबद्दल आदर वाटायला लागला, पण मी भांडायला आलो होतो.

खरेदी अधिकारी म्हणाला, "सगळा लॉट रिजेक्ट समजा. त्यांच्या सैन्यात नापास दारूगोळ्याच्या पेटीवर लाल ठिपका मारतात. अशी पेटी त्यांचा शिपाई उघडतसुद्धा नाही. सगळा माल नवा करून द्या."

"नवा?" माझा आवाज चढला. "बोट लागायची वेळ आली अन् नवा? सुतासारखी सरळ फळी आहे, एक गाठ दाखवा! पूजेचा टिळा आहे तो, महारोग नाही."

"आवाज खाली करा. पाहुण्या आहेत."

"पाहुण्या नाहीत, गिऱ्हाईक आहेत. मला त्यांच्याशीच बोलायचं आहे."

तो आडवा येणार होता, पण ती आमच्या चेहऱ्यांकडे पाहत होती. तिने इंग्रजीत विचारलं, "पेटी बनवणारा हाच का?" अधिकारी हो म्हणाला. "मग यालाच बोलू द्या," ती म्हणाली. माझी इंग्रजी लिलावातली आहे, पण तिचीही काही शाळेतली वाटत नव्हती. आमचं जमलं.

मी तिला टिळा काय असतो ते सांगितलं. तिने ऐकलं. हो नाही की नाही नाही. मग तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, जसा काही पहिल्यांदाच विचारते आहे. मी पुन्हा सांगितलं, आणि सांगता सांगता माझा राग उतरला. हा डाव मी दुसऱ्यांवर शेकडो वेळा खेळलो आहे. माझ्यावर कोणी खेळल्याचं आठवत नाही.

"रंधा मारून देतो," मी म्हणालो.

"फळी पातळ होईल. जाडी करारात आहे."

"वरून हिरवा रंग देतो."

"रंग नको. हे लाकूड आमच्याकडे थंडीत शेगडीत जातं. रंगाचा धूर पोरांच्या छातीत बसतो."

माझी पेटी तिकडे पोचल्यावर तिचं काय होतं, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. ती मग सांगत गेली. त्यांच्या डोंगरात झाडं कमी. शेजारी देशाने गावंच्या गावं उठवली, माणसं वर येऊन राहिली. चौकीतून रिकाम्या पेट्या आल्या की लोक रांग लावतात. त्यांची मांडणी होते, पलंग होतो, कोंबड्यांचं खुराडं होतं. "गोळा गेला की गेला," ती म्हणाली. "पेटी उरते."

एवढं बोलून ती उठली. पहारीने एका झाकणाचे खिळे उपटले. फळी कडेला थोडी फाटली. तिने ती फळी उचलली, उलटी केली, आणि शेंदूर खाली, कोरी बाजू वर, अशी पुन्हा जागेवर ठेवली. माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून हात पुसू लागली.

"झाकणं उलटी करून देतो," मीच म्हणालो. "टिळा आत जाईल."

"खिळे?"

"तेच."

तिने खिळ्याच्या जुन्या भोकात करंगळीचं नख घालून फिरवलं. ढिलं होतं.

"बरं. स्क्रू लावतो."

"तळालाही."

"तळाला काय झालं? तळाला टिळा नाही!"

"खिळा उपटला की फळी अशी फाटते," ती म्हणाली आणि कडेची निघालेली ढलपी माझ्या हातात दिली.

"बाजूंना खिळेच राहतील," मी म्हणालो.

"बाजूंना राहू द्या," ती इतक्या सहज म्हणाली, की बाजूंना स्क्रू तिला मुळात नकोच होते हे मला उशिरा कळलं.

मग मी माझी अट घातली. पेटीबद्दल पुढे काहीही म्हणायचं असेल, तर बनवणाऱ्याला समोर बसवून म्हणायचं. फाटकाजवळच्या बाकावर बसवून नाही. खरेदी अधिकारी खोकला. ती म्हणाली, "तुमचा बाक हा तुमचा आणि तुमच्या सरकारचा प्रश्न. पण माझ्या कागदात मी लिहीन, की पेटीबद्दल मी पेटीवाल्याशी बोलते." आणि तिने हात पुढे केला. लोहाराचा असावा तसा हात होता.

चहाच्या वेळी अधिकारी खूश होता. बोट चुकणार नव्हती. तो माझ्याकडे झुकून म्हणाला, "स्क्रूचं तर करारातच मागितलं होतं त्यांनी. दिल्लीत दोन दिवस घासाघीस चालली. आपल्या लोकांनी साफ नाही म्हटलं. बघा, आता काय योगायोग!"

मी चहाचा कप तसाच ठेवला. तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

निघताना फाटकाजवळ तिची गाडी उभी होती. नागपूरचीच भाड्याची गाडी. समोर झेंडूचा हार होता, कालच्या दसऱ्याचा, थोडा सुकलेला. आणि बॉनेटवर, बरोबर मध्ये, शेंदराचा टिळा. माझ्या पेट्यांवर होता तसाच. सकाळपासून ती त्याच गाडीत फिरत होती. हॉटेलपासून कारखान्यापर्यंत तिने शहरातला प्रत्येक ऑटो, प्रत्येक ट्रक टिळा लावलेला पाहिला असणार. ड्रायव्हरला विचारलंही असणार. तिला फाटकातून आत यायच्या आधीच सगळं ठाऊक होतं.

मला राग यायला हवा होता. मी तिथे रस्त्यावर उभा राहून एकटाच हसलो. दोन सरकारांच्या बैठकीत जे मिळालं नाही, ते तिने बोटभर शेंदराच्या जोरावर माझ्याकडून काढून घेतलं, आणि तेही मीच देऊ केलं असं मला वाटायला लावून. मोठमोठी गिऱ्हाइकं पाहिली आहेत मी. असं गिऱ्हाईक पुन्हा पाहिलं नाही. स्वतःसाठी नव्हे, तर कोणाच्या तरी मांडणीची फळी फाटू नये म्हणून भाव करणारं.

आम्ही सगळ्या माणसांनिशी कारखान्याच्या गोदामातच झाकणं उलटली. मिस्त्री मान खाली घालून काम करत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, टिळा तर आतच गेला ना?"

"गेला."

"मंग जो उघडन त्यालेच दिसन." आणि त्याचा चेहरा खुलला.

माल पास झाला. बोट वेळेवर सुटली. पुढची ऑर्डर आली, तिच्या कागदात स्क्रू छापून आले आणि पेट्या माझ्याकडेच राहिल्या. झेंडा दाखवायच्या कार्यक्रमाचा पास मात्र तेव्हाही आला नाही, नंतरही नाही. मांडववाल्याला येतो. याचा राग मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. पण पेटीबद्दल काही विचारायचं असलं की तिच्या देशाचा माणूस माझ्या वर्कशॉपला येतो, माझ्या खुर्चीसमोर बसतो, आणि खरेदी अधिकाऱ्याला त्याच्यासोबत कळमेश्वरपर्यंत यावं लागतं. अधिकाऱ्याला मी बाकावर बसवतो.

घरी मी बायकोला मांडणीचं आणि पलंगाचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिने विचारलं, "पाळणा बी करत असतीन का जी त्याचा?"

"करत असतील."

"मंग फळी गुळगुळीत देत जा. पोराले कुसळ रुतन."

तेव्हापासून झाकणाच्या फळीला आम्ही दोन्ही बाजूंनी रंधा मारतो. करारात एकाच बाजूचा आहे. आणि यंदाच्या नवमीला मीच मिस्त्रीला बोलावून सांगितलं, टिळा लावायचा असेल तर झाकण जोडायच्या आधी लाव, आणि आतल्या बाजूने लाव.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "भाऊ, तुमी कवापासून पूजेत?"

"पूजेत नाही गा," मी म्हणालो. "गिऱ्हाइकानं पास केलेला माल आहे. जसा पास झाला, तसाच द्यायचा."