शेवटच्या घाण्याच्या वड्या

कोथिंबिरीचं सारण भरलेली सांबारवडी तळताना शेवटचा घाणा कढईत जरा जास्त वेळ ठेवायचा, चांगला तांबूस, कडक होऊ द्यायचा, आणि तो माझा. आमची मुलं शाळेत होती तेव्हापासून माझ्या मैत्रिणीच्या घरी हाच नियम.

म्हणून गेल्या वर्षी ती एका चालणाऱ्या गटात गेली, ते मला मुळीच आवडलं नाही. महिन्यातल्या एका रविवारी हे लोक कन्हान नदीच्या काठाकाठानं चालतात. मागच्या वेळी जिथं थांबले, तिथून पुढं. दर वेळी ती मला विचारायची, दर वेळी मी गुडघ्याचं निमित्त सांगायची. पण तिच्या बोलण्यात 'कळमेश्वरची ती' फारच यायला लागली, तेव्हा मीही बूट चढवले.

खाप्याजवळ शेतांमधल्या एका पांदणीतून आम्ही निघालो. कळमेश्वरची म्हणजे सडपातळ, निवृत्त शिक्षिका. मैत्रिणीची पाण्याची बाटली हिच्या पिशवीत. मागायच्या आत पुढं करायची. तहान एकीला लागते आणि कळते दुसरीला! "तो बैल आठवते काय वं?" एवढं म्हटलं की दोघी पोट धरून हसायच्या. कोणता बैल, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी कशाला विचारते! दोन्ही बाजूंना हरभरा छान आला होता म्हणे. मला त्या दोघींच्या पाठी तेवढ्या दिसल्या.

दुपारी आंब्याखाली डबे उघडले. मैत्रिणीनं मोठ्या डब्यामागून एक लहान डबी काढली. शेवटचा घाणा! मी हात पुढं करणार, तोच कळमेश्वरची म्हणाली, "आज तरी घेऊ काय वं यातली?"

मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलं आणि हसली. "घे ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डबी माझ्यापुढं आली, तेव्हा मी म्हटलं, "मले नको."

"काहून वं?"

"नको म्हटलं ना! पोट भरलं माझं."

मग उरलेल्याही कळमेश्वरचीनंच खाल्ल्या. कुरुमकुरुम आवाज करत.

परतताना बसमध्ये मैत्रिणीला डुलकी लागली आणि ती बया नेमकी माझ्याच शेजारी येऊन बसली.

"खरं सांगू ताई? दर खेपेले तुमची मैत्रीण ही डबी आणते अन् कोणाले हात लावू देत नाही. 'ती ऐनवेळी आली तर' म्हणते. मले तर तुमचा लय राग येत होता. आज तुम्ही आल्या, म्हणून हिंमत करून मागितल्या."

माझे डोळे भरून आले, हे खरं. पण माझ्या वड्या हिच्या पोटात आहेत, हेही काही केल्या विसरता येईना.

"पुढच्या महिन्यात येता काय?" तिनं अगदी सहज विचारलं.

"येते तर! आता दर महिन्याले येईन."

तिचा चेहरा पडला. मी तो लगेच ओळखला. सकाळपासून तोच घेऊन मी चालत होते.