दोन हात हिरवा रंग

निवेदनताई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पंधरा वर्षं या ना त्या कचेरीत निवेदनं देऊन देऊन ते चिकटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आतून आवडायचंही. वस्तीत घरोघरी अर्थिंग झालं ते त्यांच्या तोंडामुळे. ‘अर्थिंग नाही तर बिल नाही’ ही घोषणा त्यांची, फलकावरची हिरव्या ऑइलपेंटची अक्षरंही त्यांचीच. शिवाय एक शिस्त त्यांनी लावून दिली होती. काम बिघडलं की वायरमनने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, काय चुकलं आणि कुणाचं. गल्लीतल्या वायरमनकडून असं तीनदा लिहून घेतलं होतं, तेही चारचौघांत.

त्यामुळे थोरल्या भावाची कॅराव्हॅन अंगणात उभी राहणार म्हटल्यावर त्या वायरमनला बोलावणं शक्यच नव्हतं.

दादाचा जन्म ट्रकवर गेलेला. उतारवयात त्याने जुनी पत्र्याची कॅराव्हॅन घेतली. आत बिछाना, शेगडी, बेसिन, आणि कुणाच्याही उंबऱ्याच्या आत मुक्काम करायचा नाही हा हट्ट. आता झोपताना त्याला श्वासाचं यंत्र लागायचं, म्हणजे वीज हवीच. फोनवर म्हणाला होता, तुझ्या अंगणात लाइन तयार असेल तर कायमचा येतो, नाहीतर वृद्धाश्रमात नाव घालतो. ताई म्हणाल्या, कधीचीच तयार आहे. नव्हती.

मग चार दिवस ताई आणि कुदळ. मुख्य बोर्डातून वेगळी लाइन, वेगळा ब्रेकर, कुंपणापर्यंत चर खणून पाइपातून केबल, भिंतीवर झाकणाचा बॉक्स, त्यात तीन पिनांचं गोल सॉकेट. सगळं पुस्तकात वाचून. शेवटी अर्थिंगचा रॉड, गळती वीज जमिनीत नेणारा. तो गंजू नये म्हणून फलकांचा उरलेला हिरवा रंग त्याला खालपासून वरपर्यंत दोन हात दिला, वाळवला, ठोकला, वर वायरीचा क्लॅम्प आवळला. नवऱ्याने एकदा वायरमनला दाखवायचं का म्हणून विचारलं. ताईंनी असं पाहिलं की तो बिचारा झाडांना पाणी घालायला गेला. पाऊण तासापूर्वीच घातलं होतं.

शनिवारी दुपारी दादा आला. त्याने बॉक्स पाहिला, रॉड पाहिला, आणि प्लग हातातच धरला.

“केलं कुणी?”

“मी.”

“आणि तपासलं?”

“मीच.”

दादा गाडीच्या पायरीवर बसला. ही पत्र्याची पेटी आहे आणि हिच्यात मी झोपणार आहे, म्हणाला. दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय प्लग लावणार नाही. पाचपर्यंत थांबतो, मग निघतो.

ताईंनी तासभर तणतण केली. अख्ख्या वस्तीला अर्थिंग शिकवलं, आणि सख्खा भाऊ परीक्षा घेतोय. मग घड्याळ पाहिलं, चपला घातल्या आणि वायरमनच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

वायरमनने येऊन सॉकेटपासून रॉडपर्यंत तपासणीचा मीटर लावला. मीटर जोडच दाखवत नव्हता. क्लॅम्प सोडवून त्याने चाकूने रॉड खरवडला, तसा हिरवा पापुद्रा निघाला. रंगातून वीज जात नाही, एवढंच म्हणाला. हसला नाही. तो हसला असता तर ताईंना भांडता तरी आलं असतं.

रॉड उपटला, दुकानातला नवा ठोकला, जोडला, पुन्हा मीटर लावला, ब्रेकर पाडून पाहिला. सगळं ठीक झाल्यावर वायरमनने वहीतलं एक पान फाडून पुढे केलं.

“पद्धत तुमचीच, ताई.”

ताईंनी दहा ओळी लिहिल्या. दुकानदाराने सांगितलं नाही, पुस्तकात रंगाचा उल्लेख नाही, ऊन कडक होतं. वायरमनने शांतपणे वाचलं.

“यात तुम्ही कुठं आहात?”

हेच त्यांनी त्याला तीनदा विचारलं होतं, याच आवाजात. ताईंनी दहाही ओळी खोडल्या. खाली लिहिलं, रॉड मी रंगवला, चूक माझी. सही केली.

वायरमन कागद खिशात घालणार, तोच दादाने तो मागून घेतला. आत जाऊन श्वासाच्या यंत्राच्या वर, पत्र्यावर चिकटवला. मग बाहेर येऊन प्लग लावला. पाचला दहा मिनिटं होती. आत पंखा फिरू लागला.

“आता झोप लागेल,” दादा म्हणाला.