जी मेमरी माझी नव्हती

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. का, ते नीट माहीत नाही. पण एक आधीच सांगून ठेवतो: सांगता सांगता मध्येच माझा आवाज चढेल, मी खुशीत आल्यासारखा वाटेन. तसा मी येतोच. हा विषय निघाला की माझे हात हलायला लागतात. सगळं तिथूनच तर सुरू झालं.

मी देऊळगाव राजाचा. मलकापुरात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सरकी-ढेपीच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक छोटी कंपनी होती. तिथे मी प्रोग्रामर होतो. आम्ही ठिबक सिंचनाच्या पेट्या बनवायचो. शेतातल्या खांबावर लावायची पेटी. कोणत्या तुकड्याला किती वेळ पाणी द्यायचं ते पाहून व्हॉल्व्ह उघडायची, बंद करायची. आतला प्रोग्राम सी भाषेतला. पेटीची मेमरी एवढीशी, त्यामुळे सगळे वापरतात ती मोठी सी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, तिच्यात मावायची नाही. आमची स्वतःची, छाटून लहान केलेली लायब्ररी होती. ती सांभाळणारे दोघंच. मी आणि वंदनाताई.

वंदनाताई सोनाळ्याची, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. कोड कागदावर छापून घ्यायची आणि पेन्सिल धरून वाचायची. हो, कागदावर! मी हसायचो. मी बदल लिहायचा, तिनं वाचायचा, मग तिची सही झाली की तो पेट्यांमध्ये जायचा. असा नियम होता, आणि चूक निसटली तर जबाबदारी सही करणाऱ्याची.

आमच्या पेट्या आठ-दहा दिवस चालायच्या आणि मग गप्प व्हायच्या. बंद करून चालू केल्या की पुन्हा आठ-दहा दिवस. शेतकरी वैतागलेले, कंपनीचे मालक वैतागलेले. आणि ते कारण — ते मला सापडलं! भर दुपारी, कूलर घरघरत असताना.

थांबा, सोपं करून सांगतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्रामच्या खिशातल्या चिठ्ठ्या समजा. 'भाषा=मराठी'. 'तुकडा=तीन'. चिठ्ठी ठेवायच्या दोन रीती. सेटएन्व्ह म्हटलं की लायब्ररी स्वतः मेमरी घेते आणि तिच्यात तुमच्या मजकुराची नक्कल करते. पुटएन्व्ह म्हटलं की नक्कल नाही, तुमचीच चिठ्ठी, तुमच्याच मेमरीतली, जशीच्या तशी खिशात. आता पाणी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर गेलं की नवी चिठ्ठी यायची. आणि जुनी? जुनी कोणी काढून टाकतच नव्हतं! जिथल्या तिथे, जागा अडवून पडून. दिवसातून कितीदा तरी. आठ-दहा दिवसांत पेटी गच्च!

आधी ज्यानं लायब्ररी लिहिली त्यानं जुनी चिठ्ठी काढली नव्हती याला कारण होतं. कोणीतरी जुन्या चिठ्ठीचा पत्ता धरून बसलेलं असू शकतं. पण आमच्या प्रोग्रामात तसं कोणी धरून बसत नव्हतं. हे मी ओळ न् ओळ पाहिलं. हे मात्र खरंच पाहिलं.

मी एक ओळ लिहिली. नवी चिठ्ठी आली की जुनीची मेमरी मोकळी करा. एकच ओळ! टेबलावरच्या पेटीत टाकली, तुकडे भराभर बदलायला लावले, आणि मेमरीचा आकडा — हललाच नाही. एवढासुद्धा नाही. तुम्हाला कधी असं झालंय का? छातीत काहीतरी उसळतं आणि बसवत नाही? मी जिना उतरून खाली रस्त्यावर गेलो, उगाचच, आणि परत वर आलो.

वंदनाताईनं कागद वाचला. पेन्सिल त्या एका ओळीवर थांबली.

"पुटएन्व्हनं ठेवलेल्या चिठ्ठीवर चालवून पाह्यलं काय बे? ती मेमरी आपली नसते."

मी म्हणालो, "हो, पाहिलं."

पाहिलं नव्हतं.

एवढंच आहे ते. दोन शब्द. माझ्या चाचणीत पहिल्यापासून सगळ्या चिठ्ठ्या सेटएन्व्हच्या होत्या. तिनं विचारलं त्याच क्षणी मला कळलं की हे राहिलंय. दहा मिनिटांचं काम होतं. पण मला थांबायचं नव्हतं. दहा मिनिटंही नाही! मला मालकांच्या खोलीत जायचं होतं, सांगायचं होतं. घाबरून खोटं बोललो असतो तर वेगळं वाटलं असतं का? मी आनंदात खोटं बोललो. सहज, हसत.

तिनं सही केली.

शनिवारी ती गावी गेली ते नवा प्रोग्राम घेऊनच. सोनाळ्यात तिच्या सख्ख्या काकू, शांताकाकू, संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका चालवायच्या. गावातली पहिली पेटी त्यांच्या खांबावर लागली होती, ती ताईच्याच शब्दावर. नवा प्रोग्रामही रविवारी सकाळी पहिल्यांदा तिथेच गेला. त्याच सकाळी काकू दोन दिवसांसाठी लेकीकडे अकोटला गेल्या. पेटी आहे, काळजी काय?

शेतातली पेटी सुरू होताना तुकड्याची पहिली चिठ्ठी पुटएन्व्हनं ठेवली जायची; माझ्या चाचणीच्या प्रोग्रामात तो भागच नव्हता. तुकडा बदलायची पहिली वेळ आली, आणि माझ्या ओळीनं ती चिठ्ठी, जी लायब्ररीची नव्हतीच, मोकळी करायला घेतली. प्रोग्राम तिथेच अडकला. व्हॉल्व्ह उघडा. दोन दिवस पाणी चालू. काकू परतल्या तेव्हा कलमं चिखलात उभी होती. आठवड्यात पिवळी पडली, मग मुळं कुजली. तीन वर्षांची मेहनत होती त्यांची.

सोनाळ्याहून फोन आला त्या सकाळी मी एकटाच टेबलाशी होतो. तेव्हा — हो, तेव्हा — मी पुटएन्व्हची चिठ्ठी ठेवून ते चालवलं. पहिल्याच फटक्यात पेटी थिजली. खालून मागवलेला चहा यायच्या आत. मी ती चिठ्ठी काढून टाकली, पेटीची मेमरी पुसली, पुन्हा जुनी चाचणी लावली.

वंदनाताई आली. डोळे सुजलेले. "तुह्याकडं काय दिसून राह्यलं?"

"माझ्याकडे तर नीट चालतंय, ताई."

हे पहिल्या खोटेपणाहून वाईट होतं, नाही का? पहिलं तोंडातून निसटलं. हे मी टेबल आवरून, पेटी मांडून तयार केलं होतं.

मालकांनी तो कागद समोर ठेवून दोघांना बोलावलं. "हे वाचलं कोणी?"

"म्या वाचलं. सही माही हाये," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी चालवून पाहिलं म्हणून म्हणालो होतो, हे तिला सांगता आलं असतं. ती बोलली नाही. तिला वाटलं असावं, पोरानं तर पाहिलं होतं, आपल्यालाच वाचता आलं नाही. मी तिच्या शेजारी उभा होतो. हाताच्या अंतरावर. खिडकीबाहेर ट्रकमधून सरकीची पोती उतरत होती, मी ती पाहत राहिलो.

लायब्ररी तिच्याकडून काढून घेतली. तिला तक्रारींच्या फोनवर बसवलं. काकूंनी तिच्याशी बोलणं सोडलं नाही. फक्त पेटी खांबावरून काढली, कपड्यात गुंडाळली आणि ताईच्या आईच्या ओसरीवर आणून ठेवली. हे तिनं मला स्वतः सांगितलं, डबा खाताना.

आणि मी? मला खरा उपाय सापडला. हेही सांगायलाच हवं. देऊळगावला घरी होतो, बहिणीच्या मुलाचं बारसं झालं होतं. आई शेजाऱ्यांकडून आणलेली भांडी वेगळी काढत होती. ज्याच्यावर बाबांचं नाव कोरलेलं ते आपलं, बाकीची ज्याची त्याला. मी ताटांचा ढीग धरून उभा, आणि एकदम — अरे! चिठ्ठीवर नाव कोरता येत नाही, पण आपण कोणत्या चिठ्ठ्या बनवल्या याची यादी तर ठेवता येते! यादीत असेल तर मोकळी करा, नसेल तर हात लावू नका! मी ताटं खाली ठेवली आणि आईला उचलूनच घेतलं. ती ओरडली, "अरे, ठिवतो का खाली!"

चालला तो उपाय. महिना झाला, दोन महिने झाले, एकही पेटी थांबली नाही. ऑफिसात पेढे आले. वंदनाताई फोन ठेवून माझ्या टेबलाशी आली, कागद मागून घेतला, पेन्सिलीनं ओळ न् ओळ वाचला आणि म्हणाली, "लय भारी केलं बे." तिला खरंच आनंद झाला होता. आणि मलाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला तिच्याशी केलेलं काही म्हणजे काही आठवलं नाही. आजही ही यादीची युक्ती सांगताना मला तेवढाच आनंद होतो. तुम्ही पाहिलंतच आत्ता.

पुढच्या महिन्यात तिनं नोकरी सोडली.

मी आता घरूनच काम करतो, बाहेरच्या मोठ्या कंपनीसाठी. ते काम मिळालं त्या उपायामुळे. मुलाखतीत भांड्यांची गोष्ट सांगितली होती, लोक खूश झाले होते.

गेल्या हिवाळ्यात ती देऊळगावला बालाजीच्या दर्शनाला आली होती, सासरच्या माणसांसोबत. मंदिराबाहेर भेटली. केस पांढरे झालेत. शिकवण्या घेते म्हणाली, दहावीच्या गणिताच्या. मी विचारलं, प्रोग्रामिंग पुन्हा का नाही केलं?

"हिंमतच नाही झाली रे," ती म्हणाली. "तो कागद मी घरी नेला होता. किती वेळा वाचला असन. तुह्याकडं तर चालत होतं, मग मले काऊन दिसलं नाही? जे डोळ्यासमोर हाये ते मले दिसत नाही, असं मनात बसलं ते बसलंच. मंग म्हटलं, आपलं काम नाही हे."

म्हणजे इतकी वर्षं. आजूबाजूला माणसं होती, तिचे सासरे चप्पल शोधत होते, पण आम्हाला वेळ होता. भरपूर वेळ होता. ती माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "होतं ताई असं. कोणाकडूनही होतं. मनाला लावून घेऊ नका."

ती हसली. माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं, बरं वाटलं.