कड्यावरची हाक

अगं, अशी जवळ ये. अमेरिकेत असून तू तिकडे लांब अर्विंगला आणि मी इथे मुलाकडे कॅरीला, तरी वाचताना समोर बसल्यासारखी बस. लग्नाला दोन महिने झाले, मावशीला एक फोन नाही. आणि काल मेसेज काय, तर ‘हनिमूनला आयर्लंडला चाललोय, तू जाऊन आलीयेस ना, काय बघू?’ असं विचारतात होय गं मोठ्या माणसांना?

तर सांगते. तुझ्या काकांचा आणि माझा हनिमूनच तो. लग्न झालं तेव्हा सासूबाई आजारी होत्या, ते राहिलं ते राहिलंच. चाळीस वर्षांनी मुलाने-सुनेने तिकिटं हातात ठेवली. सुनेने टूरवाल्यांना कळवून टाकलं की हे हनिमून कपल आहे. मग काय, बसमध्ये पुढची दोन सीट्स आमची आणि गाईड माइकवरून सगळ्यांना सांगतोय. सगळी अमेरिकन मंडळी टाळ्या वाजवायला लागली. मी खिडकीकडे तोंड करून बसले. हे मात्र खुशीत. “हात हलव की जरा, नवरी,” म्हणाले.

सकाळी एक पडका किल्ला दाखवला. यांनी तो फिरून बघितला आणि म्हणाले, “आपल्या सिंहगडाची सर नाही.” बाहेर हिरव्या कुरणात मेंढ्याच मेंढ्या. दुपारी समुद्रावरच्या उंच कड्यांवर नेलं. वारा असा की साडीवर दोन स्वेटर घालूनही मी कुडकुडत होते. यांनी पुण्याहून आणलेली माकडटोपी चढवली. मी म्हटलं, “फोटोत काय दिसाल.” तर म्हणाले, “हनिमूनला आलोय, देखणाच दिसणार.”

चढ थोडासाच होता, पण यांना दम लागला. हृदयाचं दुखणं होतंच, डॉक्टरने जा म्हटलं म्हणून आलो होतो. “तू बघून ये, मी या दगडी कुंपणापाशी बसतो,” म्हणाले. मी गेले, बघितलं, आणि हे आधीच उतरले असतील म्हणून दुसऱ्या वाटेने खाली बसपाशी आले. गाईडने माणसं मोजली तर एक कमी. वर बघते तर हे अजून तिथेच, पाठमोरे, समुद्राकडे बघत.

“अहो,” मी हाक मारली. पुन्हा मारली. वारा आणि वर ती टोपी, यांना कुठलं ऐकू जायला. शेजारची अमेरिकन बाई म्हणाली, “अगं, नावाने हाक मार ना. नाव काय त्यांचं?” आता तिला काय सांगू? हळदीकुंकवाला बायकांत उखाण्यात नाव घेतलं असेल, पण यांना हाक अशी कधी मारलीच नव्हती. पण हे हलेनात. डोळे मिटले आणि जोरात नाव घेतलं.

हे लगेच वळले. हळूहळू खाली आले. टोपी काढून म्हणाले, “आई गेल्यापासून असं कुणी बोलावलं नव्हतं गं. पुन्हा एकदा हाक मार.”

बसभर माणसं बघत होती. मी लाजले. म्हटलं, “इश्श, चला. घरी गेल्यावर मारेन.”

घरी आलो, बॅगा उघडल्या, कपडे धुतले. मध्येच एकदा म्हणालेसुद्धा, “तुझी एक हाक बाकी आहे बरं.” मी हसून पोळ्या लाटत राहिले. तिसऱ्या आठवड्यात हे गेले. हॉस्पिटलमध्ये कानाशी वाकून मी नाव घेतलं, खूप वेळा घेतलं. ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

किल्ले, कडे काय, गाईड दाखवेलच. मी तुला दुसरंच सांगत होते. लग्नात तू मांडवभर नवऱ्याला नावाने हाका मारत होतीस, म्हणून जुन्या सवयीने मी तुला कोपऱ्यात घेऊन बोलले. ते बोलणं मी परत घेते. जाण्याआधी एखाद्या वीकेंडला दोघं इकडे या. मुलगा-सून कामावर गेले की हे घर फार गप्प असतं. त्याला या खोलीतून त्या खोलीत मोठ्याने हाक मार, मी स्वयंपाकघरातून ऐकेन. लवकर या, बाळा.