जाऊबाईंचा नंबर गेला

माझ्या थोरल्या जाऊबाई रफू करतात. करायच्या, असं म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली त्यांची खुर्ची. कोटाला सिगारेटनं भोक पडलेलं असो की कसरीनं खाल्लेली शाल, बाई त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायच्या आणि एकेक धागा एकाखालून, एकावरून असा विणत न्यायच्या. भोक कुठं होतं ते मग खुद्द लाँड्रीवाल्यांनाही सांगता यायचं नाही. आणि हे सगळं चष्म्याशिवाय! एरवी त्यांच्या नाकावर सोडावॉटरच्या बाटलीची बुडं असत. शाळेपासून सगळे त्यांना ढापणीच म्हणत. पण कामाला बसल्या की चष्मा कपाळावर चढवायच्या आणि कापड पार नाकाशी न्यायच्या.

"शिवताय की वास घेताय?" मी चिडवायची.

"तुला चार हातांवरचं दिसतं, मला चार बोटांवरचं. वाटणी बरोबर झालीय," त्या म्हणायच्या.

मग त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. लेक एकुलती एक, त्यात हट्टी. "आई, निदान माझ्या लग्नाच्या फोटोत तरी तुझे डोळे दिसू देत. लेझर करून घे. काही नाही गं, नंबर जातो." नंबर जातो! जसा काही नंबर म्हणजे सर्दीच.

दवाखान्यात मीही सोबत गेले. डॉक्टर घाईत नव्हते, उगाच खोटं का बोला. डोळे कोरडे पडतील, थेंब घालावे लागतील, अंधारात दिव्यांभोवती वलयं दिसतील, क्वचित जंतुसंसर्ग होतो, एखाद्याला पुन्हा करावं लागतं, सगळं सांगितलं. जाऊबाई मान डोलावत होत्या. मग डॉक्टरांनी विचारलं, "कामाला चष्मा लागतो का?"

"छे! कामाला तर मी काढूनच बसते," जाऊबाई तोऱ्यात म्हणाल्या.

काय काम, ते डॉक्टरांनी विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "चाळिशी मात्र लागेल हं."

"अहो डॉक्टर, चाळिशी लागून जमाना झाला. आता पन्नाशीची वाट बघतेय!"

डॉक्टर हसले, लेक हसली, आणि सहीसाठी पेन पुढं आलं. जवळच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात हे जाऊबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण घरात एकेकाला चाळिशी लागत गेली तरी त्यांना ती लागलीच नव्हती. त्यांच्या लेखी तो शब्द फक्त वयाचा.

ऑपरेशन झालं. समोरच्या इमारतीवरची पाटी त्यांनी घरातून वाचली आणि आनंदानं रडल्या. लग्नाचे फोटो सुरेख आले. मग त्या कामावर गेल्या, सवयीनं कापड नाकाशी नेलं, तर समोर नुसतं धुकं.

जवळचा चष्मा केला. त्यातून कापड हातभर लांब धरावं लागे आणि तेवढ्या लांबून धागे वेगळे दिसत नसत. भिंग आणलं, ते धरायचं तर सुई कुठल्या हातानं धरायची? स्टँडवरचं भिंग घेतलं, तर थोड्याच वेळात डोळ्यांत खुपायला लागायचं. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचायला लावली. जाऊबाईंनी ती घडाघडा वाचली.

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "अहो, त्या उणे नंबरामुळंच तर तुम्हाला इतकं जवळचं दिसत होतं. तो गेला, तेही गेलं. मी म्हटलं होतं ना, चाळिशी लागेल?"

माझं डोकं फिरलं. "बाई काय काम करतात एवढं विचारायला जीभ झडली होती का तुमची?"

"कामाला चष्मा लागत नाही, असं त्याच म्हणाल्या होत्या."



लाँड्रीवाले भले माणूस. "होईल सवय, बाई," म्हणत राहिले. एक करडा कोट आला, बाहीला भोक पडलेला. जाऊबाईंनी दोनदा उसवून तिसऱ्यांदा रफू केला. गिऱ्हाईक काही बोललं नाही, कोट अंगात चढवूनच गेलं. जाऊबाई इतक्या खूश झाल्या की घरी येताना मला दारातूनच हाका मारत आल्या.

पुढं एकदा आम्ही दोघी भाजी घेऊन रस्ता ओलांडायला उभ्या होतो. त्यांनी एकदम माझा दंड धरला. "तो बघ, समोरच्या फूटपाथवर. उजवी बाही, कोपराच्या वर. धागे आवळलेत."

मला नुसता करडा कोट घातलेला माणूस दिसत होता. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या बघत राहिल्या.

"किती स्पष्ट दिसतं गं," त्या म्हणाल्या.

आता त्या लाँड्रीत बटणं लावतात.